शामिसेनची जवारी

तंबोऱ्याच्या साथीला बसणाऱ्या माझ्यासारखीचा कान आधी जवारीकडे जातो. शामिसेन या जपानी तंतुवाद्याचंही तसंच झालं. सुरांआधी ऐकू आला तो झणझणाट. त्यासाठी आपण घोडी घासून घेतो, तारेखाली दोरा सरकवतो. जपानी कारागीर हे काम दुसऱ्या टोकाला करतो. तीन रेशमी तारांपैकी सर्वांत जाड तार खुंट्यांजवळच्या पट्टीवर टेकतच नाही, दांडीच्या लाकडाला चाटून जाते. याला ते ‘सावारी’ म्हणतात. दुसरी तार नेमकी सुरात वाजली की ही न छेडताही गुणगुणू लागते.

वाद्य मूळचं चिनी. सोळाव्या शतकात ते ओकिनावामार्गे ओसाकाजवळच्या साकाई बंदरात उतरलं. ओकिनावात त्याला अजगराचं कातडं असे. जपानात एवढे साप कुठून आणणार? मग मांजराचं किंवा कुत्र्याचं आलं. (आता कृत्रिमही मिळतं, हे बरंच झालं.) पंख्याच्या आकाराची ‘बाची’ ही नखी तारेसोबत कातड्यावरही आदळते, त्यामुळे ताल वाद्यातच असतो.

दांडीवरून बाज ओळखावा. बारीक दांडी ‘नागाउता’ची, काबुकी नाटकातल्या नृत्याच्या साथीला. मधली घरगुती बैठकीतल्या ‘जिउता’ची. जाड दांडी ‘गिदायू’ची, आणि माझा जीव तिच्यावर. हा बाज ज्यांच्या नावाचा, त्या ताकेमोतो गिदायू यांनी 1684 साली ओसाकात बाहुल्यांचं नाट्यगृह काढलं. बाहुल्या मुक्या, एकच गायक राजापासून रडत्या पोरापर्यंत सगळ्यांचं बोलतो. शेजारचा वादक कधी एकच आघात करतो आणि थांबतो. तेवढ्यात प्रसंग पालटतो.

उत्तरेच्या त्सुगारू भागातही दांडी जाडच. तिथे अंध वादक दारोदार वाजवून पोट भरत. ताकाहाशी चिकुझान (1910–1998) हे त्यांतलेच. आज तरुण पोरं हाच बाज रॉकच्या वेगाने वाजवतात. मला थोड्याच वेळात पुरे होतं.

त्यापेक्षा निइगाताच्या ‘गोझे’ ऐकाव्यात. या अंध गायिका. पुढचीच्या पाठीवरच्या बोचक्याला हात लावून एका ओळीत गावोगाव चालत आणि लांबलचक कथा गात. नियम कडक: पुरुषाशी संबंध आला की मंडळीतून बाहेर. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या कोबायाशी हारू (1900–2005) यांच्या गाण्यात शामिसेन जवळजवळ काहीच करत नाही, तेच चार सूर पुन्हापुन्हा. सगळा भार आवाजावर. सरकारने 1978 साली त्यांच्या कलेची दखल घेतली तेव्हा त्यांची भटकंती संपलेली होती, आणि त्या अंध वृद्धांच्या आश्रमात राहत होत्या.