वीज गेल्यानंतरची वीज

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या काठाने पसरलेला घनसावंगी तालुका बाहेरच्यांना माहीत असतो तो बहुधा समर्थ रामदासांच्या जांब या गावामुळे. दिवाळीच्या सुमारास या तालुक्याची ओळख वेगळी असते. वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो, जिनिंगचे पट्टे फिरू लागतात, मोसंबीच्या गाड्या भरतात, तीर्थपुरीच्या साखर कारखान्याला गाळपाचे वेध लागतात. दूध संकलन, दवाखाने, पेट्रोल पंप आणि बँका तर बारमाही. यांपैकी बहुतेकांच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या पेटीत डिझेल जनरेटर उभा असतो. वीज असते तोवर त्याची कुणाला आठवण नसते आणि वीज गेली की तो सोडून दुसरे काही ऐकू येत नाही.

हे यंत्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ‘स्वच्छ’ आणि ‘कार्यक्षम’ ही दोन विशेषणे आता त्याच्या प्रत्येक जाहिरातीत दिसतात. ती खोटी नाहीत, अपुरी आहेत. यंत्र स्वच्छ झाले, पण ही स्वच्छता मोठ्या यंत्राच्या वाट्याला जास्त आणि लहान यंत्राच्या वाट्याला फार कमी आली. शिवाय मोठ्या यंत्रातही ती आपोआप टिकत नाही. ते कसे निवडले आणि कसे चालवले यावर ती अवलंबून असते. तालुक्याच्या गावात या दोन्ही गोष्टींना फार महत्त्व आहे.

विहिरीवरून कारखान्यात

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चाचणीला उतरले, तेव्हा त्याने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामात आणली. त्या काळातल्या वाफेच्या यंत्रांच्या मानाने ही झेप मोठी होती. महाराष्ट्रात हे इंजिन लवकर रुजले. भारतातले पहिले मानले जाणारे डिझेल इंजिन १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात तयार झाले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सची. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने डिझेल इंजिन आधी पाहिले ते विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत. तिथे ते पाणी उपसत होते, जाते फिरवत होते. वीज तयार करणे हे त्याचे काम नव्हते.

ते काम भारनियमनाने त्याच्या गळ्यात घातले. २००१ मध्ये दाभोळ प्रकल्प बंद पडला. पुढे राज्यात विजेची तूट वाढत गेली आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसणे नेहमीचे झाले. जनरेटर ही चैन राहिली नाही, धंद्याची अट बनली. पुढे भारनियमन कमी झाले, पण जनरेटर जागेवरच राहिले. वादळात खांब पडतो, रोहित्र जळते, दुरुस्तीसाठी वाहिनी बंद ठेवावी लागते. अशा तासाभराच्या किंवा दिवसभराच्या खंडासाठी त्यांची गरज आजही आहे.

धूर कशाचा बनतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपणहून पेट घेते. फवाऱ्याच्या आत जिथे हवा पोचत नाही तिथे अर्धवट जळून काजळी होते. ज्योत जिथे फार तापते तिथे हवेतलाच नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. पेच असा की ज्वलन अधिक तापवून काजळी कमी केली तर ऑक्साइडे वाढतात आणि ज्योत थंड ठेवली तर काजळी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला, तेव्हापासून हा पेच केवळ यंत्रशास्त्राचा उरला नाही.

नव्या इंजिनांनी त्यावर दोन टप्प्यांत मार्ग काढला. पहिला टप्पा इंजिनाच्या आत. डिझेल फार मोठ्या दाबाने, अगदी बारीक तुषारांत आणि संगणकाने ठरवलेल्या क्षणी फवारले जाते. दुसरा टप्पा धुराड्यात. गाळणीत काजळी अडकते आणि उष्णतेने जळून जाते. त्यापुढे युरियाच्या द्रावणाचा फवारा असतो. त्यातून निघणारा अमोनिया उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. या द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो, तोही विशेष शुद्ध आणि क्षाररहित पाण्यात विरघळवलेला. शेतीच्या गोणीतला युरिया इथे चालत नाही. २०१५ पासून त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा आहे. तो युरिया बोअरच्या पाण्यात कालवून ओतला तर महागडा उत्प्रेरक निकामी व्हायला वेळ लागत नाही.

या साधनांना साजेसे इंधनही लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले. त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर उतरले. अशा इंधनाशिवाय वर सांगितलेली साधने फार काळ तग धरत नाहीत.

तीन ग्रॅमचा हिशेब

जनरेटरसाठीचे नवे उत्सर्जन नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केले. ते सीपीसीबी-४ प्लस या नावाने ओळखले जातात आणि जुलै २०२३ पासून लागू झाले. ५६ ते ५६० किलोवॉटच्या इंजिनाला आता प्रत्येक युनिटमागे ०.०२ ग्रॅम इतकेच कण सोडता येतात. आधीच्या नियमात ७५ किलोवॉटवरील इंजिनांना ०.२ ग्रॅमची मुभा होती, म्हणजे मर्यादा एकदम दहा पटींनी कडक झाली. १९ ते ५६ किलोवॉटच्या गटातही ती ०.३ वरून ०.०३ वर आली. मात्र १९ किलोवॉटपर्यंतच्या लहान इंजिनांना कणांची मर्यादा पूर्वीइतकीच, ०.३ ग्रॅम, ठेवण्यात आली. एवढ्या छोट्या यंत्रावर गाळणी आणि उत्प्रेरक बसवला तर त्याची किंमत परवडणार नाही, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे.

परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. ढोबळ हिशेब करू. मोठ्या कारखान्यातला नवा जनरेटर तासाला १५० युनिट वीज देत असेल तर नियमाप्रमाणे त्याच्या धुरातून ३ ग्रॅम कण बाहेर पडू शकतात. बाजारगल्लीतला लहान, तोही अगदी नवाच जनरेटर तासाला १० युनिट देत असेल तर त्यालाही ३ ग्रॅमचीच मुभा आहे. फरक इतकाच की कारखान्याचे धुराडे शेडच्या वर असते आणि गल्लीतल्याचे तोंड जाणाऱ्या-येणाऱ्याच्या छातीच्या उंचीला.

धुराडे किती उंच असावे यासाठी साधे सूत्र आहे. इमारतीच्या उंचीवर आणखी किती मीटर जायचे, तर जनरेटरच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमुळाच्या एकपंचमांश. १०० केव्हीएला दोन मीटर, २५ केव्हीएला एक मीटर. नियमाने लहान यंत्राला जे स्वच्छ करता आले नाही, ते निदान नाकापासून दूर नेण्याचे काम काही फूट पाइप करू शकतो. यासाठी लागणारा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे.

शिवाय हे नियम नव्याने विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. दिल्लीच्या परिसरात जुन्या जनरेटरच्या वापरावर वेगळी बंधने आली; इतरत्र आधी घेतलेली यंत्रे चालूच राहतात. चालते इंजिन सहसा कुणी भंगारात घालत नाही, ते दुसऱ्या हाती जाते.

मोठे घेतले म्हणजे चांगले घेतले?

समजा, एका दूध शीतकरण केंद्राचा एकूण भार १२ किलोवॉट आहे. मालक ६२.५ केव्हीएचा, म्हणजे सुमारे ५० किलोवॉटचा, जनरेटर घेतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘मोटर उचलायला पाहिजे ना!’ उत्तर चुकीचे नाही. थेट चालू केलेली मोटर सुरुवातीच्या काही क्षणांत नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पण त्या क्षणांपायी उरलेला सगळा वेळ यंत्र चोवीस टक्के भारावर चालते.

भार तीस टक्क्यांच्या खाली राहिला की इंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेले डिझेल आणि काजळी मिळून धुराड्यात काळा चिकट थर साचतो. मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन तेल फेकतंय.’ नव्या यंत्रात याहून मोठे नुकसान होते. गाळणीतली काजळी जळायला आणि उत्प्रेरक कामाला लागायला गरम धूर लागतो. धूर गार राहिला की स्वच्छतेसाठी मोजलेले पैसे वाया जातात. योग्य भारावर एक लिटर डिझेल साधारण साडेतीन युनिट वीज देते. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरले तर नुसत्या इंधनापोटी युनिट २५ रुपयांच्या वर जाते. कमी भारावर लिटरमागे तीन युनिटही मिळत नाहीत.

उपाय सोपे आहेत. मोटर हळू उचलणारा सॉफ्ट स्टार्टर बसवावा, मोटरी एकामागून एक चालू कराव्यात आणि मग जनरेटरचा आकार ठरवावा.

काय थांबून चालणार नाही?

आकार ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर जालन्याच्या पोलाद उद्योगात आधीच सापडलेले आहे. तिथल्या इंडक्शन भट्ट्या सोळाशे अंशांच्या आसपास पोलाद वितळवतात. एवढी वीज डिझेलवर तयार करणे परवडत नाही; वीज गेली की वितळवणे थांबते. पण भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातले पाणी थांबून चालत नाही. आतला रस तप्तच असतो. वेटोळे जळून पाणी त्या रसाला भिडले तर स्फोट होतो. म्हणून पाण्याच्या पंपापुरती सोय वेगळी ठेवावी लागते. साखर कारखाना बगॅसवर स्वतःची वीज बनवतो, तरी पहिला बॉयलर पेटवताना पंखे आणि पाण्याचे पंप फिरवायला त्याला बाहेरची वीज लागतेच.

तालुक्यातल्या छोट्या व्यवसायांनाही हीच फोड लागू पडते. चार अंशांवर आलेले दूध जाड आवरणाच्या टाकीत तासभर विजेविना टिकते. नुकतेच आलेले कोमट दूध टिकत नाही. लसींसाठीचे बर्फाच्या अस्तराचे शीतपेटे दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तापमान राखतात. प्रसूतीच्या खोलीतला दिवा एक मिनिटही जाऊन चालत नाही. त्या मिनिटासाठी बॅटरी आहे, कारण जनरेटरलाही भार उचलायला काही सेकंद लागतात.

दिवसाच्या खंडासाठी छपरावरचे सौर पॅनेल उपयोगी पडेल असे वाटते, पण साधी सौर जोडणी वीज गेली की स्वतःही बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. तिला बॅटरीची किंवा जनरेटरची जोड दिली तर ती चालू राहते आणि डिझेल वाचते. मात्र सौर वीज वाढली म्हणून जनरेटरचा भार पुन्हा तीस टक्क्यांखाली जाणार नाही, एवढे पाहावे लागते.

म्हणजे मोठा भार थांबू द्यावा, लहान आणि नाजूक भार बॅटरीवर घ्यावा आणि मधला, थांबवता न येणारा भार नेमक्या आकाराच्या जनरेटरवर ठेवावा. जनरेटरच्या पेटीवर तो आजवर एकूण किती तास चालला ते दाखवणारा एक छोटा आकडा असतो. खरेदीच्या वेळी तो शून्य असतो आणि पुढे तो क्वचितच कुणी पाहते. दर दिवाळीला तो वहीत लिहून ठेवला, शेजारी जळलेले लिटर आणि मिळालेले युनिट मांडले, तर यंत्र खरोखर स्वच्छ आणि कार्यक्षम आहे की नाही हे कळण्यासाठी जाहिरातीची गरज उरणार नाही.