हाय-डेफिनिशन चित्रणाचे पुनर्संकेतनाविना कर्तन : नंदुरबार जिल्ह्यातील लोकपरंपरांच्या दस्तऐवजीकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

दि. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. सातपुड्याच्या कुशीतील या आदिवासीबहुल जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली या बोली बोलल्या जातात आणि त्यांतील गीते, कथा व विधी बव्हंशी मौखिक परंपरेनेच टिकून आहेत. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला सुके भोपळे व घुंगरू बांधलेले नर्तक रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि होळी पहाटे पेटते. या प्रसंगाचे चित्रीकरण करणाऱ्या अध्यापकाच्या हाती सकाळी पाच-सहा तासांचे चित्रण असते. त्यातून दहा मिनिटांचे एक गीत वेगळे कसे काढावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो संशोधन-साधनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.

चित्रणाचे स्वरूप :

सोनी व पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी हे स्वरूप जाहीर केले आणि पुढील काही वर्षांत ध्वनिचित्रफितीच्या कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. महाविद्यालयांच्या कपाटांत असलेल्या अनेक कॅमकॉर्डरांच्या एमटीएस फाइली याच स्वरूपाच्या असतात. त्याच्या पहिल्या आवृत्तीत माहितीचा कमाल वेग सेकंदाला २४ मेगाबिट होता. म्हणजे तासाला सुमारे १०.८ गिगाबाइट आणि पाच तासांच्या रात्रीला सुमारे ५४ गिगाबाइट.

एवढ्या मर्यादेत चित्र बसते ते एच.२६४ या संकोचन-पद्धतीमुळे. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठविली जात नाही. ठरावीक अंतराने एक स्वयंपूर्ण फ्रेम, म्हणजेच कीफ्रेम येते. मधल्या फ्रेममध्ये केवळ मागील-पुढील फ्रेमहून असलेला फरक नोंदविलेला असतो. कॅमकॉर्डरच्या चित्रणात हे अंतर साधारणतः अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते, तर मोबाइलच्या चित्रणात ते बरेचदा अधिक असते.

पुनर्संकेतनाने काय हरवते :

सर्वसाधारण संपादन-प्रणाली कापलेला भाग पूर्णपणे उलगडून पुन्हा संकोचित करतात. एकेकाळी घरोघरी असलेला आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलेला विंडोज मूव्ही मेकर हेच करीत असे. लग्नाच्या चित्रणात त्याने फारसे बिघडत नाही. काठीच्या होळीत मात्र अंधार, ज्वाळांचा हलता प्रकाश व वेगवान पदन्यास एकत्र येतात. अशा दृश्यातील सूक्ष्म तपशील संकोचनात सर्वप्रथम पुसला जातो. त्यातच जुन्या कॅमकॉर्डरचे चित्र सेकंदाला ५० अर्धचित्रांचे, सम-विषम रेषांत विभागलेले असते. चुकीच्या पर्यायाने पुनर्संकेतन झाल्यास नर्तकांच्या हालचालींच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात.

ध्वनीची हानी याहून गंभीर मानावी लागेल. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक ध्वनींची ऊर्जा उच्च वारंवारतेत असते आणि कमी बिटदराच्या ध्वनिसंकोचनात हाच भाग प्रथम छाटला जातो. पावरी गीताचे लिप्यंतर करणाऱ्यास असा ध्वनी ऐकू आला नाही, तर दोष बोलीचा, गायकाचा की संगणकाचा, हे नंतर ठरविता येत नाही.

प्रणालीची निवड :

पुनर्संकेतनाविना कापणाऱ्या प्रणाली संकोचित माहिती जशीच्या तशी उचलून नव्या फाइलीत ठेवतात. लॉसलेसकट ही मुक्तस्रोत प्रणाली एफएफएमपेग या साधनसंचावर आधारलेली असून आरंभ व अंत या दोन खुणा करण्यापलीकडे तिच्यात फारसे काही शिकावे लागत नाही; नवख्या अध्यापकासाठी हीच सोयीची म्हणता येईल. एव्हिडेमक्समध्ये चित्र व ध्वनी या दोहोंसाठी ‘कॉपी’ हा पर्याय निवडावा लागतो. तिचा विशेष असा की पडद्यावरील फ्रेम कोणत्या प्रकारची आहे, हे ती दाखविते. एमकेव्हीटूलनिक्सनेही विभाजन करता येते, परंतु कापण्याची जागा चित्र पाहून निवडण्याची सोय त्यात नाही.

या पद्धतीची मर्यादा एकच : कापाचा आरंभ कीफ्रेमवरच व्हावा लागतो. त्यामुळे हव्या असलेल्या क्षणापूर्वीचा अर्धा सेकंद सोबत येतो. तो दोष समजून काही जण पुन्हा पुनर्संकेतनाकडे वळतात. वस्तुतः गीतापूर्वीचा श्वास, ढोलावरची पहिली थाप वा कोणीतरी दिलेली हाक त्या अर्ध्या सेकंदात असू शकते. दस्तऐवजास ती भारभूत नाही.

‘मोफत’ आणि ‘गुणवत्तेत घट नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रणाली पुष्कळ आहेत. त्यांची परीक्षा सोपी आहे. दहा मिनिटांचा भाग जतन होण्यास संगणकाला फाइलची नक्कल करण्याइतकाच वेळ लागला पाहिजे, आणि कमाल वेगाच्या चित्रणातील अशा भागाचा आकार सुमारे १.८ गिगाबाइट भरला पाहिजे. तो दोनशे मेगाबाइट भरला, किंवा जतन करताना प्रणालीने ‘गुणवत्ता’ निवडावयास सांगितली, तर पुनर्संकेतन होत आहे असे समजावे.

मूळ चित्रणाची जपणूक :

दीर्घ चित्रण कॅमकॉर्डर स्वतःच दोन वा चार गिगाबाइटच्या तुकड्यांत विभागतो, कारण कार्डावरील फॅट३२ रचनेत चार गिगाबाइटहून मोठी फाइल बसत नाही. गीत नेमके अशा सांध्यावर आले असेल, तर तुकडे आधी क्रमाने जोडून मग कापावेत. कार्डावरून केवळ एमटीएस फाइली न उचलता संपूर्ण फोल्डर उतरवावा. तुकड्यांच्या क्रमाची माहिती त्यातील अन्य फाइलींत असते. कापलेला भाग तयार झाला म्हणून जागेअभावी मूळ फोल्डर पुसण्याचा मोह टाळावा. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर एक विभागात व एक ग्रंथालयात, ठेवाव्यात. नव्या फाइलवर संगणक कापण्याच्या दिवसाची तारीख टाकतो. म्हणून चित्रणाचा दिनांक, गाव, तालुका, बोली आणि मूळ फाइलचा क्रमांक फाइलच्या नावातच लिहावा. गायकाचे नाव त्याच्या संमतीनेच नोंदवहीत घ्यावे.