नगरसेवकाविना साडेपाच वर्षं

फौजेत असताना माझी मतपत्रिका टपालाने युनिटमध्ये यायची. कधी निकाल लागून गेल्यावर हातात पडायची. २०१६ पासून ती ऑनलाइन पाठवली जाऊ लागली. जवान ती छापून, मत नोंदवून टपालाने परत धाडतो. निवृत्तीनंतर विरारला मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरला तेव्हा वाटलं, आता मत वाया जाणार नाही.

पण जून २०२० मध्ये वसई-विरार महापालिकेची मुदत संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद, यांमुळे निवडणूक लांबत गेली. कारभार प्रशासकाकडे गेला. आमदार होते, खासदार होते, पण गल्लीत पाणी तुंबलं की हक्काने जिचं दार ठोठावावं अशी, आपण निवडून दिलेली व्यक्ती प्रभागात नव्हती. घरपट्टी मात्र भरतच होतो.

अमेरिकेच्या राजधानीतल्या माजी सैनिकांचं दुखणं याहून जुनं. १९६४ पासून वॉशिंग्टनकर राष्ट्राध्यक्ष निवडतात, पण संसदेत त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. याउलट आपल्या दिल्लीला लोकसभेत सात खासदार आहेत.

वसई-विरारमध्ये अखेर १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी मतदान झालं. आमच्या प्रभागात चार जागा होत्या. चारही मतं मी विचार करून दिली. इतकी वर्षं थांबायला लावणं चूकच होतं. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे.