ठावठिकाणा सांगावा किती, झांकावा किती?

१८७९ सालीं आपल्या देशांत पोस्टकार्ड सुरू झालें. तेव्हांपासून आजतागायत तें लिहिणाऱ्यास एक मुभा आहे. ज्यास पत्र धाडावयाचें त्याचा पत्ता लिहिणें भाग असतें. स्वतःचा मात्र लिहावा किंवा न लिहावा. पाठविणाऱ्याचें नांवगांव नसलेलें पत्रहि मुक्कामीं पोहोंचतें. इंटरनेटवर ही मुभा नाहीं. तेथें आपण एखादें पान उघडतों म्हणजे वस्तुतः एक विनंतीपत्र पाठवितों, आणि तें पान हें त्या पत्राचें उत्तर असतें. उत्तर परत यावयाचें तर परतीचा पत्ता हवाच. यास्तव प्रत्येक विनंतीच्या माथ्यावर एक अंकात्मक पत्ता लिहिलेला असतो. त्यास आयपी पत्ता असें म्हणतात. पंचांग पाहणारे आजोबा, आपल्या औषधाविषयीं वाचणाऱ्या आजी, कचेरीचें काम घरून करणारी सून, परीक्षेचा निकाल पाहणारा नातू, या सर्वांच्या विनंत्या घरांतील एकाच राउटरमधून बाहेर पडतात आणि बाहेरच्या जगास बहुधा एकाच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. म्हणून ठावठिकाण्याचा हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नसून साऱ्या कुटुंबाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

या पत्त्यावरून संकेतस्थळास काय कळतें, हें प्रथम पाहूं. देश बहुतेक बिनचूक कळतो. शहर पुष्कळदां कळतें, पुष्कळदां चुकतें. घर मात्र कळत नाहीं. कोणता पत्ता कोणत्या वेळीं कोणत्या ग्राहकास दिला होता, ही नोंद इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीजवळ असते, आणि कायदेशीर मागणी आल्यास ती तपास-अधिकाऱ्यांस मिळूं शकते. मोबाईलवरून पाहणाऱ्याच्या बाबतींत तर शेंकडों ग्राहक एकाच पत्त्याआड उभे असतात, व रत्नागिरींत बसलेला मनुष्य संकेतस्थळास मुंबईचा भासतो.

हा अंदाज किती फसवा असूं शकतो, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील मॅक्समाइंड नांवाची कंपनी आयपी पत्ते आणि गांवें यांची सांगड घालणारी सूची ठेवते. जो पत्ता अमेरिकेंतला आहे यापलीकडे कांहीं ठाऊक नसे, त्याच्यापुढें या सूचींत देशाच्या साधारण मध्यावरील एका बिंदूचे अक्षांश-रेखांश लिहिले जात. तो बिंदु कॅन्सस राज्यांतील पॉटविन या लहानशा गांवाजवळच्या एका शेतांत पडला. अशा रीतीनें ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका शेताच्या नांवें लागले. कोठें कोणाची लुबाडणूक झाली, कोठें मूल पळून गेलें, कीं शोध घेणारे सरकारी अधिकारी त्या शेतावर येऊन उभे राहत; कोणा अनोळखी मनुष्यानें जीव देण्याची भाषा केली म्हणून रुग्णवाहिकाहि येत. तेथें राहणाऱ्या निरपराध माणसांस वर्षानुवर्षें या छळाचें कारणच कळेना. २०१६ सालीं हा उलगडा झाला, तेव्हां कंपनीनें तो बिंदु हलवून एका जलाशयांत नेला. तात्पर्य, आयपी पत्ता हा घराचा पुरावा नव्हे. परंतु लोक तो पुरावा मानतात, आणि मानणाऱ्यांच्या चुकीचें फळ भलत्यासच भोगावें लागतें.

दुसरी वाट याहून पुष्कळ अचूक आहे. मोबाईलमधील यंत्रणा अमेरिकेच्या जीपीएस् व तत्सम उपग्रहांचे संदेश ऐकून स्वतःची जागा गणितानें काढते. उपग्रह आपणांस पाहत असतात, ही समजूत खरी नाहीं. ते केवळ बोलतात. ऐकतो तो आपला मोबाईल. घराच्या आंत, जेथें उपग्रहांचा संदेश नीट पोहोंचत नाहीं, तेथें आसपासच्या वायफाय यंत्रांच्या खुणा ओळखून जागा ठरविली जाते, कारण कोणतें वायफाय यंत्र कोठें आहे याच्या प्रचंड याद्या मोठ्या कंपन्यांनीं करून ठेविल्या आहेत. या मार्गानें काढलेली जागा कांहीं मीटरांपर्यंत बरोबर येऊं शकते. मात्र ती संकेतस्थळास देण्यापूर्वीं ब्राउझर आपली परवानगी विचारतो. घाईंत 'होय' म्हणून बोट टेंकविलें कीं दार उघडलें. येथें दोष यंत्राचा कमी, घाईचा अधिक.

तिसरी वाट छायाचित्रांची. मोबाईलनें काढलेल्या चित्राच्या पोटांत, तशी योजना चालू असल्यास, तें कोठें काढलें याचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. डिसेंबर २०१२ मध्यें संगणक-सुरक्षेच्या धंद्यांत ज्यांचें नांव जगभर झालेलें होतें ते जॉन मॅकॅफी बेलीझ देशाच्या पोलिसांस चुकवीत फिरत होते. त्यांच्यासमवेत असलेल्या एका नियतकालिकाच्या प्रतिनिधींनीं त्यांचें चित्र प्रसिद्ध केलें, आणि चित्रांतील नोंदीवरून ते ग्वाटेमालांत असल्याचें वाचकांनीं तत्काळ ओळखलें. थोड्याच दिवसांत ते तेथें पकडले गेले. ज्यानें जगास संगणकाचें रक्षण विकलें त्याचाच ठिकाणा एका चित्रानें सांगावा, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

चौथी वाट आपण स्वतः बांधतों. वस्तु मागवितांना घरचा पत्ता व पिनकोड देतों, एकाच खात्यानें सर्वत्र प्रवेश करतों, आणि मग इतर सर्व वाटा बंद केल्या तरी ओळख कायम राहते. शिवाय एक वाट बंद केल्यानें दुसरी आपोआप बंद होत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें असें उघडकीस आलें कीं, गुगलची 'स्थान-इतिहास' ही योजना बंद केल्यावरहि दुसऱ्या एका योजनेखालीं ग्राहकांच्या स्थानाची नोंद होतच होती. या प्रकरणीं नोव्हेंबर २०२२ मध्यें त्या कंपनीनें अमेरिकेंतील ४० राज्यांस ३९ कोटी १५ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली.

येथें कोणी वडीलधारे गृहस्थ विचारतील, "आम्ही कोणाचें कांहीं चोरलें नाहीं; मग आम्हीं लपावें कशास?" प्रश्न योग्य आहे व त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे. आपल्या जुन्या घरांतून ओटा, ओसरी, माजघर, देवघर अशी रचना असे. अनोळखी मनुष्य आला तर त्यास ओसरीवर बसवून पाणी देत. तो माजघरांत शिरला नाहीं म्हणून माजघरांत कांहीं पाप चाललेलें असे, असें कोणी म्हणत नसे. झांकणें आणि लपविणें या दोहोंत हा भेद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तो याच मर्यादेस मान्यता देणारा आहे.

शिवाय ठिकाण कळल्यानें व्यवहारांतहि फरक पडतो. डिसेंबर २०१२ मध्यें वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्रानें दाखवून दिलें कीं, स्टेपल्स या दुकानदार कंपनीचें संकेतस्थळ ग्राहकाच्या अंदाजी ठिकाणावरून एकाच वस्तूची निरनिराळी किंमत दाखवीत होतें. जवळपास प्रतिस्पर्ध्याचें दुकान असलेल्यास बहुधा स्वस्त. ज्यास दुसरें दुकानच नाहीं त्यास महाग. आणि पैशापलीकडचीहि हानि आहे. नवऱ्याच्या मारहाणीस कंटाळून जी स्त्री दूरच्या गांवीं बहिणीकडे येऊन राहिली आहे, तिच्या भाच्यानें हौसेनें प्रसिद्ध केलेलें एक चित्र तिचा आसरा उघडा करूं शकतें. सारें घर यात्रेस गेलें असतां तेथूनच चित्रें प्रसिद्ध करणें म्हणजे घरास कुलूप असल्याची दवंडी पिटणेंच होय.

आतां उपायांकडे वळूं. ब्राउझरमध्यें 'इन्कॉग्निटो' नांवाची खासगी खिडकी असते, तिच्याविषयीं फार मोठा गैरसमज आहे. काय पाहिलें याची नोंद ती आपल्या यंत्रांत मागें ठेवीत नाहीं, एवढाच तिचा उपयोग. संकेतस्थळास आपला आयपी पत्ता पूर्वींइतकाच दिसतो.

दुसरा उपाय व्हीपीएन. यांत आपली विनंती जणूं कुलूपबंद पेटींतून एका मध्यस्थाकडे जाते; मध्यस्थ ती काढून स्वतःच्या पत्त्यानें पुढें धाडतो, आणि उत्तर आलें कीं पेटींत घालून आपणांस परत करतो. संकेतस्थळास दादरऐवजीं ॲम्स्टरडॅम दिसतें. तथापि ब्राउझरचें घड्याळ ग्रीनिचपेक्षां साडेपांच तास पुढें राहिलें, तर चतुर संकेतस्थळास संशय येतोच. आणि स्थानाची परवानगी पूर्वीं दिलेली असल्यास ॲम्स्टरडॅमचें सोंग क्षणांत गळून पडतें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आपण कोठून कोठें जातों हें आतां त्या मध्यस्थास ठाऊक होतें. म्हणजे गुपित नाहींसें होत नाहीं, फक्त त्याचा रखवालदार बदलतो. फेसबुकनें २०१३ सालीं घेतलेल्या ओनाव्हो या कंपनीचें फुकट व्हीपीएन लोक संरक्षण म्हणून वापरीत; तें वापरणाऱ्यांच्या हालचालींची माहिती फेसबुकासच पुरवीत होतें. २०१८ सालीं ॲपलच्या दुकानांतून तें काढण्यांत आलें आणि पुढें २०१९ मध्यें बंद पडलें. फुकट मिळणाऱ्या बुरख्याची किंमत कोण भरतो, हें विचारल्याखेरीज तो घेऊं नये.

आपल्या देशांत २८ एप्रिल २०२२ रोजीं सर्ट-इन या सरकारी संस्थेनें आज्ञा काढली, तींत व्हीपीएन पुरविणाऱ्यांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते व दिलेले आयपी पत्ते यांची नोंद ५ वर्षें ठेवावी असें सांगितलें. त्यावर कांहीं परदेशी कंपन्यांनीं भारतांतील आपलीं यंत्रें उचलून नेलीं. व्हीपीएन वापरणें हा सर्वसाधारणपणें गुन्हा नाहीं, मात्र कांहीं जिल्ह्यांत स्थानिक अधिकाऱ्यांनीं तात्पुरती बंदी घातल्याचीं उदाहरणें आहेत. आणि जें कृत्य उघडपणें केलें असतां गुन्हा ठरतें, तें बुरख्याआड केल्यानें निर्दोष होत नाहीं.

तिसरा उपाय टॉर. याची मूळ कल्पना अमेरिकन आरमाराच्या संशोधनशाळेंत १९९० नंतरच्या दशकांत निघाली. आज एक ना-नफा संस्था ती चालविते. यांत विनंती एकामागून एक अशा तीन मध्यस्थांच्या हातून जाते. पहिल्यास ती कोठून आली हें कळतें, पण कोठें जावयाची हें कळत नाहीं. शेवटच्यास कोठें जावयाची हें कळतें, पण कोठून आली हें कळत नाहीं. एकाच रखवालदारावर भार न टाकण्याची ही युक्ति उत्तम खरी. परंतु ती संथ चालते, आणि पुष्कळ संकेतस्थळें अशा पाहुण्यास दारांतूनच परत लावितात. जिवावर बेतलेल्या वार्ताहरास ती अमोल आहे. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थास तिची गरज क्वचितच पडेल.

ठिकाण सर्वांपासून झांकावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. रस्ता दाखविणाऱ्या नकाशास, दारीं रिक्षा बोलाविणाऱ्या ॲपला, पावसाचा अंदाज सांगणाऱ्यास ठिकाण कळलेंच पाहिजे. बँकेच्या संकेतस्थळावर परदेशी मध्यस्थामार्फत गेल्यास बँक घाबरून खातें अडवूं शकते, आणि ती सावधगिरी आपल्याच हिताची असते. उलट, कांहीं भारतीय सरकारी संकेतस्थळें परदेशांतून उघडत नाहींत. त्यामुळें परदेशीं राहणाऱ्या मुलांस घरचें एखादें काम करण्यासाठीं भारतांत असल्यासारखें दिसावें लागतें. सांगण्याचें कारण असेल तेथें सांगावें, नसेल तेथें सांगूं नये, एवढाच नियम.

हा नियम घरांत उतरावयाचा तर एखाद्या सुटीच्या दिवशीं सर्वांनीं एकत्र बसून अर्धा तास खर्चावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें स्थानाची परवानगी कोणाकोणास दिलेली आहे, ती यादी उघडून वाचावी. ज्याचें ठिकाणाशीं कांहीं काम नाहीं, त्याची परवानगी काढून घ्यावी. ज्याचें काम गांव कळल्यानें भागतें, त्यास नेमकी जागा देऊं नये. आयफोनवर २०२० पासून व अँड्रॉइडवर २०२१ पासून 'अंदाजे जागा' देण्याची सोय आहे. कॅमेऱ्याची स्थान-नोंद बंद करावी. प्रवासाचीं चित्रें घरीं परतल्यावर प्रसिद्ध करावीं. हें काम नातवंडांनीं आजी-आजोबांस हुकूम सोडून नव्हे, तर समजावून करावें. आणि वडिलांनींहि मुलांच्या मोबाईलमध्यें डोकावण्याची संधि म्हणून त्याकडे पाहूं नये. परक्यापासून जी मर्यादा आपण मागतों, ती घरच्यांसहि पाळतां आली पाहिजे.

पूर्ण अदृश्य होण्याची विद्या कोणत्याहि व्हीपीएनच्या जाहिरातींत विकत मिळत नाहीं. परतीच्या पत्त्याखेरीज उत्तर येत नाहीं, हें तत्त्व कायमचें आहे. म्हणून आपला पत्ता कोणास तरी कळणारच. तो कोणास कळावा, किती कळावा व किती काळ कळावा, हें ठरविणें मात्र आपल्या हातीं आहे. ओसरीवर कोणास बसवावें आणि माजघरांत कोणास न्यावें हें ज्या घरांस पिढ्यान्‌पिढ्या कळत आलें, त्यांस हा नवा विवेक जड जाऊं नये.