थंड पाण्यातला गुलाबी मासा

घरी मासे पाळायचे म्हटले की पहिली चौकशी हीटरची होते. पण रोझी बार्ब या छोट्या माशाला सहसा हीटर लागत नाही. हा मूळचा आपल्या भारताकडचाच. उत्तर भारत, नेपाळ, बांगलादेश इथल्या नद्या-तळ्यांत तो सापडतो. आजी-आजोबांना ठाऊक असलेल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले.

मादी रुपेरी-सोनेरी असते. नर गुलाबी, आणि मादीपुढे मिरवू लागला की लालबुंद! शेपटीजवळचा काळा ठिपका दोघांनाही असतो.

याला १८ ते २२ अंश सेल्सियस पाणी मानवते. म्हणून इथे इस्राएलात खरी कसोटी हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांना एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. हमसीनच्या दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर ते भुकेने नव्हे! तेव्हा खाणे टाकू नका. हवेचा पंप लावा, पाण्यावर पंख्याचा वारा सोडा, जमल्यास टाकी मझगानच्या खोलीत ठेवा. बर्फ मात्र घालू नका. एकदम गारठा त्यांना सोसत नाही.

टाकी निदान ८० सेंटिमीटर लांब हवी, वर झाकण हवे, कारण हे उड्या मारतात. एकटादुकटा ठेवू नका, सहाजणांचा घोळका हवा. पण सगळे एकदम आणू नका. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो. तो निकामी करणारे उपयोगी जंतू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी औषध घालून घालवा.

आता आजी-आजोबांसाठी. नातवंडांना जसे ‘आणखी एक घास’ म्हणून भरवतो, तसे इथे चालत नाही. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे, दिवसातून एकदोनदा. कधी उकडलेला मटार सोलून द्यावा. उरलेले अन्न कुजते आणि पाणी नासते. माया करायची ती पाण्यावर करा, मासे आपोआप सुखात राहतील.

आणि पाळायला जमेनासे झाले, तर त्यांना ओढ्यात-तलावात सोडू नका. परका मासा तिथल्या माशांच्या जिवावर उठू शकतो. दुसऱ्या हौशी घरी द्या.