तोंड आले म्हणून दुर्लक्ष नको : पेम्फिगसची ओळख

काही वर्षांपूर्वी चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातील एक शेतकरी दवाखान्यात आले. वय पंचेचाळिशीचे. "डॉक्टरसाहेब, तोंड आलं. तिखट तं सोडाच, वरणभातही गिळवत नाही." खर्‍याची सवय होतीच. मी उष्णतेवर आणि खर्‍यावर दोष टाकला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व तोंडात लावायचे औषध देऊन मोकळा झालो. त्यांनी खर्रा सोडला; तोंड मात्र बरे झाले नाही. दोन महिन्यांनी परत आले तेव्हा छातीपाठीवर पाण्याचे फोड होते आणि बनियन पाठीला चिकटलेली होती. घरच्यांनी नागीण समजून गेरू लावला होता. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. हे फोड दोन्ही बाजूंना होते. दोन महिने वाया गेले, त्यात माझाही वाटा होता.

या रोगाचे नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. आपली कातडी असंख्य पेशींची बनलेली असते. या पेशी एकमेकींना ठिकठिकाणी जोडलेल्या असतात. पोलक्याला टिचबटणे असतात ना, तशीच ही व्यवस्था समजा. या बटणांना डेस्मोसोम म्हणतात आणि त्यांतील पकडणारा भाग म्हणजे डेस्मोग्लीन नावाची प्रथिने. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. या रोगात हीच प्रतिपिंडे चुकून डेस्मोग्लीनवर चालून जातात. बटणे निखळतात, पेशी सुट्या होतात, मधल्या फटीत पाणी साचते आणि फोड येतो. रक्तात अशी प्रतिपिंडे असतात हे ब्युटनर व जॉर्डन यांनी १९६४ साली अमेरिकेत दाखवून दिले.

मग सुरुवात तोंडातूनच का? तोंडाच्या आतील नाजूक अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीनच्या तिसर्‍या प्रकारावर असते. कातडीत पहिला प्रकारही भरपूर असल्याने ती काही काळ तग धरते. पुढे पहिल्या प्रकाराविरुद्धही प्रतिपिंडे झाली की अंगावर फोड उठतात. पापुद्रा पातळ असल्याने फोड लवकर फुटतो व ओली जखम उरते. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडीही बोटाने घासली तर सरकते. म्हातारपणी खाज येऊन टणक, सहसा न फुटणारे फोड येतात तो बहुधा पेम्फिगॉइड. त्यात वरची कातडी बुडापासूनच सुटते.

हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे करण्याचे कारण नाही. (आमच्या या रुग्णाची गादी मात्र ओसरीत गेली होती!) पण रोग साधाही नाही. स्टेरॉइड येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या जखमांतून पाणी व प्रथिने वाहून जातात आणि जंतू आत शिरतात.

निदानासाठी कातडीचा तुकडा तपासावा लागतो. उपचारात स्टेरॉइड हा पाया. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात 'पल्स' पद्धत रूढ केली: दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून, त्यांपैकी एका दिवशी सोबत सायक्लोफॉस्फमाइड. देशभर असंख्य रुग्णांना तिचा लाभ झाला. सायक्लोफॉस्फमाइडने मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून तरुण रुग्णांनी आधी विचारून घ्यावे. रिटुक्सिमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत २०१८ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. आता आपल्याकडेही ते वापरतात, पण खर्च विचारात घ्यावा लागतो.

आमचे रुग्ण रेल्वेने नागपूरला जाऊन उपचार घेऊ लागले. चार महिन्यांत जखमा सुकल्या. तेवढ्यात कापूस वेचणीचे दिवस आले आणि त्यांनी मनानेच गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत पुन्हा फोड, शिवाय उठताना चक्कर. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवले तर जीवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते. औषध चालू असताना साखर, रक्तदाब व हाडांकडे लक्ष हवे. आता ते अगदी थोड्या मात्रेवर आहेत आणि दर महिन्याला बाजाराच्या दिवशी रक्तदाब मोजायला येतात.

घरी जखमा फार असतील तर अंथरुणावर स्वच्छ धुतलेली केळीची पाने पसरावीत, कातडी चिकटत नाही. फोड सोलू नये, गेरू-हळद लावू नये. आणि तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर आणखी गोळ्या न मागता त्वचारोग किंवा दंततज्ज्ञांना दाखवा. खर्रा खाणार्‍यांनी तर लगेच, कारण तिथे कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते.