लहानपणींची ताटातूट आणि मोठेपणींची उदासीनता

लोकमान्य टिळक आणि आगरकर ह्यांनीं १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या एकशें एक दिवसांची हकीकत आपल्या घरांतील बहुतेकांस ठाऊक असते. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असून त्यांना वेडे ठरविलें जात आहे, असें ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांनीं लिहिलें. आधाराला घेतलेलीं पत्रें बनावट निघालीं आणि दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्या फिर्यादीवरून दोघां संपादकांना शिक्षा झाली. खटल्याची ही बाजू आपण आवडीनें वाचतों. ज्या मुलासाठीं हें सारें घडलें, त्याच्या मनाची विचारपूस मात्र आपण क्वचितच करतों.

नारायणराव हें त्या मुलाचें मूळचें नांव. राजाराम महाराज १८७० च्या नोव्हेंबरांत युरोपांतून परततांना फ्लॉरेन्स शहरीं वारले. पुढल्या वर्षीं सुमारें आठ वर्षांच्या नारायणरावांस दत्तक घेऊन चौथे शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसविण्यांत आलें. नांव बदललें, घर बदललें, आईबापही बदलले. पुढें त्यांचें मन बिघडल्याचें सरकारनें ठरविलें आणि त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत नेऊन ठेवलें. तेथें देखरेखीवर असलेल्या ग्रीन नांवाच्या गोऱ्या सोजिराशीं झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, महाराजांचा अंत झाला.

त्यांच्या मागून १७ मार्च १८८४ रोजीं त्याच गादीवर कागलकर घाटग्यांचा दहाव्या वर्षांत असलेला मुलगा दत्तक आला. तेच राजर्षि शाहू महाराज. त्यांच्या मातोश्री राधाबाई तर ते तीन वर्षांचे होण्याच्या सुमारासच वारल्या होत्या. परंतु दत्तविधानानंतरही त्यांचे जन्मदाते आबासाहेब घाटगे रीजंट ह्या नात्यानें जवळ राहिले. १८८६ सालीं तेही गेले. तथापि राजकोट व धारवाड येथील शिक्षणांत धाकटे बंधु पिराजीराव बरोबर होते, आणि १८८९ पासून फ्रेझरसाहेबांसारखे शिक्षक लाभले. एकाच्या वाट्याला अखेरीस पहारा आला, दुसऱ्याच्या वाट्याला सोबत आली. एवढ्यावरून दिवंगत व्यक्तीच्या रोगाचें निदान करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु लहानपणीं सुटलेल्या मायेच्या हाताचा मोठेपणींच्या मनोविकाराशीं कांहीं संबंध असतो काय, हा प्रश्न मात्र उभा राहतोच.

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार इंग्लंडांतील डॉक्टर जॉन बोल्बी ह्यांनीं केला. मुलाला अन्नवस्त्राइतकीच एका मायाळू व कायमच्या माणसाची गरज असते, असें त्यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत प्रतिपादन केलें. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस इस्पितळांत आईवांचून कशी राहिली ह्याचा चित्रपट १९५२ सालीं दाखविला. असें मूल प्रथम आकांत करतें, मग हताश होतें आणि शेवटीं गप्प होतें. ह्या गप्पपणालाच लोक ‘मूल रुळलें’ असें म्हणत. वस्तुतः तें रुळलेलें नसतें, त्यानें आशा सोडलेली असते. मेरी एन्सवर्थ ह्या विदुषींनीं सुमारें वर्षाच्या मुलांचें निरीक्षण केलें. आई थोडा वेळ बाहेर जाऊन परतली म्हणजे निर्धास्त मूल तिच्याकडे झेपावतें व लवकर शांत होतें. कांहीं मुलें मात्र तिच्याकडे पाठ फिरवतात, तर कांहीं तिला बिलगूनही शांत होत नाहींत.

मोठेपणीं काय होतें, हें लंडन येथील जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस ह्यांच्या १९७८ सालच्या ग्रंथांत पाहावयास मिळतें. अकराव्या वर्षापूर्वीं आई गमावलेल्या स्त्रिया पुढें संकट आलें असतां डिप्रेशनला, म्हणजे औदासीन्याच्या विकाराला, अधिक बळी पडतात असें त्यांना आढळलें. उलट मन मोकळें करावें असें एक जरी माणूस जवळ असलें तरी धोका कमी होत असे. पुढील अभ्यासांत तर असें दिसून आलें कीं, आई जाण्यापेक्षांही, ती गेल्यावर मुलाची आबाळ झाली कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें आहे. आमच्या मतें ह्या विषयाचें मर्म येथेंच आहे.

येथें आमचे वाचक म्हणतील कीं, एकत्र कुटुंबांत मूल पोरकें होतच नाहीं. आजी आहे, काकू आहे, आत्या आहे. हें पुष्कळ अंशीं खरें आहे आणि त्याचा आम्हांस अभिमानही आहे. परंतु जें मूल सर्वांचें, तें कधीं कधीं कोणाचेंच नसतें. आई गेल्यावर दोन वर्षें आजोळीं, मग शाळेसाठीं काकांकडे, मग आत्याकडे, अशी ज्या मुलीची पाठवणी होत राहिली, ती पुढें हट्ट करीनाशी होते आणि सारीं नातेवाईक मंडळी तिला ‘समजूतदार’ म्हणून वाखाणतात. हीच मुलगी सुखवस्तु घरांत पडते, तिला मुलेंबाळें होतात, आणि एखाद्या वर्षीं पहांटे तीनला जाग येऊं लागते. अन्न गोड लागत नाहीं, स्वयंपाकाला उठवत नाहीं, देवापुढें बसूनही मन लागत नाहीं, आणि आपला सर्वांना भारच आहे असें वाटूं लागतें. घरचीं माणसें म्हणतात, “हिला कमी काय आहे?” ही स्थिति दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती आळस किंवा नाटक नसून विकार होय, असें समजावें.

अर्थात् प्रत्येक उदासीनतेचें मूळ बालपणांत नसतें. आनुवंशिकता, बाळंतपण, कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा बिघाड, कर्ज, मृत्युशोक हींही कारणें असतात. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. विकार तीव्र असल्यास औषधें लागतात. तीं गुण येण्यास कांहीं आठवडे घेतात आणि डॉक्टरांना न विचारतां मध्येंच बंद करूं नयेत.

औषधाच्या जोडीला, आणि सौम्य विकारांत औषधावांचूनही, संभाषणाचा उपचार असतो. अमेरिकेंतील डॉक्टर एरन बेक ह्यांनीं रूढ केलेल्या पद्धतींत ‘मी कोणालाच नकोशी आहे’ असा विचार पकडून तो पुराव्यावर घासून पाहावयास शिकवितात. दुसऱ्या एका पद्धतींत शोक, भांडण, बदललेली भूमिका अशा नात्यांतील गांठी सोडवितात. बहुधा दर आठवड्यास एक, अशा बारा ते सोळा भेटी होतात. लहानपणची जखम असलेल्या माणसाला ह्यांत आणखी एक गोष्ट मिळते. ठरल्या दिवशीं, ठरल्या वेळीं एक माणूस आपली वाट पाहतें, आपल्या रागानें दूर जात नाहीं, रजेवर जाणार असेल तर आधीं सांगतें आणि परत येतें. जें बालपणीं घडलें नाहीं तें येथें हळूहळू अनुभवास येतें. भूतकाळ बदलत नाहीं, परंतु आपली कथा सलगपणें सांगतां येऊं लागली कीं मनाला निर्धास्तपणा मोठेपणींही कमावतां येतो.

हे उपचार श्रीमंतांसाठींच आहेत असेंही नाहीं. शेजारच्या गोव्यांत ‘संगाथ’ ह्या संस्थेनें सामान्य माणसांना शिकवून सरकारी आरोग्यकेंद्रांतील डिप्रेशनच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनंतर अशा रुग्णांपैकीं शेंकडा ६४ विकारमुक्त आढळले. नेहमींचेच उपचार मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. आमच्या कोल्हापुरांतही ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सी. पी. आर. रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर कोणत्याही वेळीं मोफत बोलतां येतें. जीव देण्याची भाषा कानीं आली, तर ती धमकी समजून दुर्लक्ष करूं नये. त्या माणसाला एकटें न सोडतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

घरच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे. आई किंवा बाप गमावलेल्या मुलासाठीं घरांतील एक माणूस नक्की ठरवा आणि तें वारंवार बदलूं नका. गेलेल्या माणसाचें नांव घरांत निघूं द्या, फोटो लपवूं नका. बाहेर जातांना मुलाचा डोळा चुकवून जाऊं नका. सांगून जा आणि सांगितल्या वेळीं परत या. मोठ्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजीं त्याच्याजवळ बसा, आणि पहिल्या भेटीला डॉक्टरांकडे बरोबर जा.

मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई केली, आणि उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. अहमदनगरच्या किल्ल्यांतील त्या तरुणाला हें कांहींच लाभलें नाहीं. आपल्या घरांतील मुलांना, सुनांना आणि वृद्धांना तें लाभूं शकतें. कायद्यानें जें देतां येत नाहीं, तें जवळ बसणारें माणूस तेवढें आपण द्यावयाचें आहे.